‘सामना’, ‘सिंहासन’ आणि अनुपस्थित मतदार

लोकशाहीच्या अवनतीविषयी मराठीत जे ललित लेखन झाले आहे, त्यात सत्ताधाऱ्याचे चित्र जितके ठसठशीत उतरले आहे, तितके त्यास सत्तेवर बसविणाऱ्याचे उतरलेले नाही, असे आमचे मत आहे. हे मत काहींस एकांगी वाटण्याचा संभव आहे. म्हणून दोन सर्वमान्य कलाकृतींच्या आधारे ते तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. त्या कलाकृती म्हणजे ‘सामना’ (१९७५) व ‘सिंहासन’ (१९७९) हे जब्बार पटेल दिग्दर्शित दोन चित्रपट. दोहोंची पटकथा विजय तेंडुलकर यांची. दुसऱ्यास अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांचा आधार आहे. तेंडुलकरांची लेखणी पडद्यासाठी चालली, एवढ्यावरून ती साहित्याबाहेर गेली असे आम्ही मानीत नाही.

प्रथम गुणांचा विचार करू. ‘सामना’तील हिंदुराव धोंडे-पाटील हा सहकारी साखर कारखान्याचा अनभिषिक्त राजा निव्वळ खलपुरुष नाही. त्याने माळरानावर कारखाना उभा केला आहे, आणि आपण केले ते लोकांसाठीच केले, असे त्यास मनापासून वाटते. अशा माणसासमोर लेखकाने उभा केला तो एक मद्यपी, भणंग, पूर्वी स्वातंत्र्याच्या लढ्यात होरपळलेला मास्तर. मारुती कांबळे या माजी सैनिकाचे काय झाले, हा त्याचा एकच प्रश्न त्या साम्राज्याची वीट न् वीट हलवून सोडतो. ‘सिंहासन’चा पट याहून विस्तृत आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणारे विश्वासराव दाभाडे, कामगारपुढारी डिकास्टा आणि हे सर्व उघड्या डोळ्यांनी पाहणारा वार्ताहर दिगू टिपणीस, अशी ती मांडणी आहे. शेवटी प्रतिस्पर्धीच मंत्रिमंडळात सामावला जातो आणि दिगूची बुद्धी भ्रमिष्ट होते. सत्तेचा खेळ इतक्या नेमकेपणाने त्यापूर्वी मराठी पडद्यावर आला नव्हता, हे निर्विवाद आहे.

आता दोषाकडे वळू. ‘सामना’त प्रश्न विचारतो कोण? बाहेरून आलेला मास्तर. गाव काय करते? गाव गप्प राहते. परंतु हे मौन पटकथेत केवळ वातावरण म्हणून येते, विषय म्हणून येत नाही. ज्या सभासदांच्या मतांवर हिंदुरावाची सत्ता उभी, त्यांतील एकाच्याही मनात लेखक शिरत नाही. ‘सिंहासन’त गरीब दिसतो, कामगार दिसतो, पण मतदार या नात्याने कोणीच दिसत नाही. परिणाम असा होतो, की प्रेक्षक स्वतःस मास्तराच्या वा दिगूच्या जागी कल्पितो, पुढाऱ्याचा तिटकारा करतो, आणि निर्मळ अंतःकरणाने घरी जातो. जी कलाकृती दुसऱ्याच्या पापाचे दर्शन घडवून आपल्यास पुण्यवान ठरविते, तिच्याविषयी टीकाकाराने सावध राहावे हे बरे.

मतदाराची उदासीनता हा शब्दप्रयोगही असाच सोयीचा झाला आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर शेकडा पंचेचाळीसच्या आसपास मतदान झाले होते; २०२४ साली ते सुमारे सहासष्टवर गेले. त्याच वर्षी आमच्या धाराशिव मतदारसंघात शेकडा साठाहून अधिक लोकांनी मत दिले. श्रीमंत व सुशिक्षित दक्षिण मुंबईत मात्र निम्म्याच्या आसपासच. तेव्हा उन्हातान्हात रांगेत उभा राहणारा खेडूत उदासीन आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याची उदासीनता मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि तिचे कारण आळस नसून हिशेब हे आहे.

हा हिशेब ज्यास समजून घ्यावयाचा आहे, त्याने उसाच्या फडाकडे पाहावे. ऊस तयार झाला तरी तोड मिळणे कारखान्याच्या हाती. टोळी वेळेवर आली नाही तर ऊस वाळतो, त्यास तुरे येतात, वजन घटते, आणि वर्षाची कमाई फडातच जळते. अशा स्थितीत वार्षिक सभेत उठून जमाखर्चाविषयी विचारण्याचे मोल किती, हे सभासद पुरेपूर जाणतो. जॉन स्टुअर्ट मिल याने प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील आपल्या १८६१ च्या ग्रंथात या पद्धतीस निरर्थक करणारे तीन मतदार सांगितले आहेत: मत देण्याची आस्थाच नसलेला, मत विकणारा, आणि ज्याच्या हाती आपले पोट आहे त्याच्या इशाऱ्यावर मत देणारा. आमचे वाङ्मय पहिल्यास हसते व दुसऱ्यावर कोरडे ओढते; तिसऱ्याची मात्र त्याने विचारपूसच केलेली नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत याच विसंगतीकडे बोट दाखविले होते. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, असे ते दुहेरी जीवन होय.

आणखी एक उदाहरण घ्या. आमच्या राज्यात ग्रामसभेस गणपूर्ती लागते ती शेकडा पंधरा मतदारांची, अथवा शंभरांची, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढीही माणसे न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच उरत नाही! लोक आले नाहीत म्हणून थांबलेले काम, लोक नसतानाच कायदेशीर रीतीने पुरे होते. या एका तरतुदीत विनोदही आहे आणि शोकांतही. कोणाची इच्छा असो वा नसो, रिकाम्या सतरंजीवर मंजूर झालेला ठराव साऱ्या गावाचाच ठरतो. हा प्रवेश कोणी लिहिला आहे काय? आमच्या पाहण्यात तरी नाही.

या मौनाची किंमत लहान नसते. २००२ साली होम ट्रेडच्या रोखे-गैरव्यवहारात नागपूर, वर्धा यांच्याबरोबर उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचेही नाव आले. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. म्हणजे एकवीस वर्षे! एवढ्या अवधीत एक पिढी मतदार होते, आणि गैरव्यवहार हा पावसासारखा आपल्या हाती नसलेला विषय आहे, अशी तिची समजूत होऊन बसते.

पुढारी वाईट दाखविला की मतदारावर दोष येतो, आणि गरिबास दोष देणे निर्दयपणाचे आहे, असा आक्षेप येईल. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ज्यास आपण दोषही देऊ इच्छीत नाही, त्यास आपण मनुष्य न मानता केवळ बळी मानतो. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटी हाती घेऊन संतमंडळींचीही परीक्षा केली, आणि नामदेवास कच्चे ठरविले, अशी कथा आहे. पण त्या कथेत नामदेवाचा अपमान नाही. ते पुढे पक्के झाले, ते त्या थापटीमुळेच.

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या गावी भरले. साहित्य जिल्ह्यात आले, ही आनंदाची गोष्ट होय. आता जिल्हा साहित्यात यावयास हवा. ‘सामना’ने पुढाऱ्यास प्रश्न विचारण्याचे धैर्य शिकविले, हे त्याचे ऋण मोठे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असून गप्प बसलेल्या गावकऱ्याच्या घरात जाऊन, त्याच्या भीतीचा व हिशेबाचा जमाखर्च मांडणारा लेखक मात्र अद्याप यावयाचा आहे. तो येईपर्यंत आमचे राजकीय वाङ्मय अर्धेच राहील.