खुनाची थकबाकी

मालिकेतला खून हे माझ्या हिशेबी एक कर्जखाते आहे. मुडदा पडला, की लेखक आपल्याकडून कुतूहल उसने घेतो आणि 'खुनी लवकरच हजर करतो' अशी वचनचिठ्ठी लिहून देतो. मालिका चालली की मुदत वाढते. रोज नवा संशयित जामीन म्हणून उभा राहतो. दाराआडून बघणे एवढाच बिचाऱ्याचा गुन्हा! अखेर खुनी सापडतो, तेव्हा सौ. विचारते, ''अहो, पण मेलं कोण होतं?'' याला आम्ही बँकवाले बुडीत खाते म्हणतो.

आता जमेची बाजू पाहा. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ चा दुसरा भाग त्याआधीच्या काळाचा. म्हणजे अण्णा मरणार हे सगळ्यांना ठाऊक. तरी रात्री आमची केळशी टीव्हीपुढे! २०२० च्या 'देवमाणूस'मध्ये तर खुनी डॉक्टर पहिल्यापासून डोळ्यांसमोर.

याचे कारण गावात राहणाऱ्याला सांगायला नको. बांध कुणी सरकवला, हे मोजणीदार येण्याआधीच आम्हाला माहीत असते. 'कुणी' हा विषय एका संध्याकाळचा. 'का' आणि 'कसा' यांवर ओटीवर अख्खा पावसाळा निघतो. अण्णांची हाव, शेवंतेचा नाद, माईंनी गिळलेले अपमान हे मुद्दल. खून नुसते व्याज. मुद्दलच नसेल, तर मुडदे कितीही पाडा, खाते जुळायचे नाही.