वृत्तपत्रांतील लेख आणि संदर्भसूची

गेल्या वर्षीं पीएच.डी.चा एक प्रबंध परीक्षणासाठीं माझ्याकडे आला. विषय एकोणिसाव्या शतकांतील मराठी निबंध. लेखन नीटनेटकें, मांडणी सुबोध. परंतु संदर्भसूची चाळतां चाळतां एका नोंदीपाशीं दृष्टि थबकली : ‘टिळक, बाळ गंगाधर, केसरी, १८८४.’ तारीख नाहीं, मथळा नाहीं. आणि जें आहे त्यावर तरी विश्वास कसा ठेवावा? ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारींत निघाला, आणि १८८७ पर्यंत त्याचे संपादक आगरकर होते. टिळकांकडे त्या काळीं मुख्यतः इंग्रजी ‘मराठा’ होता. अग्रलेखाखालीं सही घालण्याची चाल नव्हती. तेव्हां १८८४ चा लेख टिळकांच्या पदरीं घालावयाचा तर त्यास स्वतंत्र पुरावा हवा. तो प्रबंधांत कोठेंच नव्हता; आणि टिळकांच्या सामाजिक मतांवरील सबंध प्रकरण मात्र या एका नोंदीवर उभें होतें ! ज्या दोघांत पुढें सामाजिक सुधारणेवरूनच फाटलें, ज्यांपैकीं एकानें १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला, त्यांची अशी अदलाबदल म्हणजे मुद्रणदोष नव्हे.

कायद्याची गोष्ट निराळी. निनांवी लेखाबद्दल तो संपादकास धरतो व मोकळा होतो. तरीही १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत ‘केसरी’चे १२ मे व ९ जूनचे अंक नेमके पुढें ठेवावे लागलेच. सरकारी वकिलास जी काटेकोर तारीख लागते, ती आमच्या संशोधकांस जड व्हावी, याचें नवल वाटतें.

साल पुरेसें आहे ही समजूत पुस्तकांच्या नोंदींवरून आलेली आहे. पुस्तक वर्षांतून एकदां निघतें, साप्ताहिक बावन्न वेळां. दैनिक वा साप्ताहिक असेल तर पुरी तारीख, पृष्ठ आणि गांव. निनांवी लेख असेल तर नोंद मथळ्यापासून सुरू करावी, कल्पनेनें लेखक बसवूं नये. मासिकास वर्ष, अंक व पृष्ठें द्यावीं. कित्येक जुन्या मासिकांच्या पृष्ठांचे आंकडे वर्षभर सलग चालत. तेथें अंक चुकला तरी एक वेळ चालेल, वर्ष चुकून चालणार नाहीं.

याहून फसवी गोष्ट संग्रहांची. लोकहितवादींचीं शतपत्रें १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत आलीं. आज तीं पुस्तकांत वाचावयास मिळतात, म्हणून सूचींत त्या आवृत्तीचें विसाव्या शतकांतील साल पडतें आणि लोकहितवादी आगरकरांच्या मागून आल्यासारखे दिसतात. पुस्तक वाचलें असेल तर पुस्तकच सांगावें. पण मूळ पत्राची तारीख शेजारीं नको काय?

मौखिक परीक्षेंत मीं त्या विद्यार्थ्यास विचारलें, “तो अंक कोठें पाहिलात ?” बिचारा प्रामाणिक होता. अंक त्यानें पाहिलाच नव्हता; दुसऱ्या एका पुस्तकाच्या तळटीपेंतून नोंद उचलली होती, आणि त्या तळटीपेंतही तारीख नव्हती. ‘अमुक ग्रंथांत उद्धृत’ एवढे तीन शब्द त्यानें लिहिले असते, तर चूक कोणाची हें तरी समजलें असतें. तें प्रकरण मूळ अंक पाहून पुन्हां लिहावें, अशी शिफारस मीं केली. मार्गदर्शकांस ती फार कडक वाटली.