स्टाइनमेट्झ आणि त्याचे चरित्रकार

चरित्रनायकाच्या देहांत एखादें व्यंग असलें म्हणजे चरित्रकाराचें निम्में काम आयतेंच झालें, अशी समजूत लेखकांत व वाचकांत सारखीच दृढ झालेली दिसते. व्यंग हा पहिल्या प्रकरणांतला डोंगर, कर्तृत्व हें शेवटच्या प्रकरणांतलें शिखर, आणि मधली सारी वाट इच्छाशक्तीची! ईश्वरी कृपेनें पांगळाही पर्वत ओलांडतो, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. नव्या चरित्रकारांनीं कृपेच्या जागीं इच्छाशक्ति बसविली, एवढाच काय तो फरक. पण ज्या माणसानें एकाच कंपनींत तीस वर्षें नोकरी केली त्याची हकीकत या सांच्यांत कशी बसावी? नोकरी ही रोजची गोष्ट आहे. तिला टेबल लागतें, खुर्ची लागते, समजूतदार वरिष्ठ लागतो, आणि संध्याकाळीं घरीं जेवण तयार असावें लागतें. हें कोणत्या चरित्रकारानें पाहिलें व कोणीं पाहिलें नाहीं, हें तपासण्यास चार्लस प्रोटिअस स्टाइनमेट्झ याच्यासारखें उदाहरण क्वचितच मिळेल.

१८६५ सालीं ब्रेस्लाव येथें जन्मलेला हा विद्युच्छास्त्रज्ञ पाठीला कुबड, कंबरेच्या सांध्यांत दोष व जेमतेम चार फूट उंची घेऊन वाढला. बाप व आजा यांनाही कुबड होतेंच. समाजवादी चळवळीपायीं १८८८ त त्याला देश सोडावा लागला, आणि पुढच्या वर्षीं न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरतांच परत धाडलें जाण्याची पाळी आली. स्वतःचा चरितार्थ चालवितां न येऊन समाजावर भार होईल अशा माणसास १८८२ च्या अमेरिकन कायद्यानें दार बंद केलें होतें; आणि अधिकाऱ्याच्या दृष्टीनें हा बुटका, निर्धन, इंग्रजी न येणारा तरुण म्हणजे मूर्तिमंत भारच. बरोबरच्या अस्मुसेन नांवाच्या मित्रानें रदबदली केली म्हणून तो आंत गेला. तीनच वर्षांनीं, १८९२ त, उलटसुलट चुंबकीकरणांत लोखंडांत किती शक्ति वायां जाते याचा नियम त्यानें मांडला, आणि यंत्र बांधण्यापूर्वींच त्या हानीचा हिशेब कागदावर करतां येऊं लागला.

त्याच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षीं, १९२४ सालीं, जॉन विन्थ्रॉप हॅमंड यानें लिहिलेलें चरित्र प्रसिद्ध झालें. या लेखकानें जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा इतिहासही लिहिला आहे, हें ध्यानांत ठेवून तें वाचावें. त्याचा सूर भक्ताचा आहे; त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. १९२९ त जोनाथन नॉर्टन लेनर्ड यानें दुसरें चरित्र लिहिलें व त्यास ‘लोकी’ असें नांव दिलें. लोकी हा उत्तर युरोपच्या पुराणांतला कपटी, खोडकर देव. ब्रेस्लावच्या सोबत्यांनीं स्टाइनमेट्झला ‘प्रोटिअस’ म्हटलें होतें, तेंही ग्रीक पुराणांतल्या रूपें पालटणाऱ्या सागरवृद्धाचेंच नांव. पण तें त्यानें स्वतः उचललें आणि अमेरिकेंत आपल्या नांवांत कायमचें घातलें. थट्टेचें नांव आपण होऊन धारण करणें ही एक गोष्ट, आणि मेल्यावर परक्यानें दुसऱ्याच दैवताचा मुखवटा चढविणें ही अगदीं निराळी. वांकड्या पाठीच्या माणसाकडे साधा माणूस म्हणून पाहण्याचा धीर लेनर्डला झाला नाहीं, असें त्या मथळ्यावरून तरी म्हणावेंसें वाटतें.

वाङ्मयदृष्ट्या या सर्वांत सरस लिखाण जॉन डॉस पॅसॉसचें. ‘द फॉर्टिसेकंड पॅरलल’ ही त्याची कादंबरी १९३० त निघाली. तींत कथानकाच्या मधून मधून खऱ्या माणसांचीं छोटीं शब्दचित्रें आहेत, त्यांतलें एक स्टाइनमेट्झचें. गद्य आणि पद्य यांच्या सीमेवरून चालणाऱ्या तुटक ओळींत या माणसाचें गणितवेड, कंपनीनें कौतुकानें चालूं दिलेला त्याचा समाजवाद, त्याचे चमत्कारिक पाळीव प्राणी, हें सारें झरझर डोळ्यांपुढून जातें. आणि अखेरीस हा माणूस कंपनीच्या मालकीचें एक मौल्यवान उपकरण होऊन राहिला व झिजून गेला, असा निकाल कादंबरीकार देतो. हा निकाल मनाला झोंबतो. हॅमंडच्या भक्तीवर असा उतारा हवाच होता. परंतु तें चित्र पुनःपुन्हां वाचतां आमच्या मनांत शंका उभी राहिली ती अशी कीं, माणसाचें उपकरण केल्याचा दोष कंपनीच्या माथीं मारतांना लेखकानेंही त्याला उपकरणच केलें नाहीं काय? त्या चित्रांतला स्टाइनमेट्झ स्वतः फारसें कांहीं ठरवीत नाहीं. वस्तुतः ‘अमेरिका अँड द न्यू इपॉक’ या १९१६ च्या पुस्तकांत त्यानें मोठ्या कंपन्यांची संघटना हाच भावी समाजवादी व्यवस्थेचा नमुना होय, असें प्रतिपादन केलें. तें मत आम्हांस भाबडें वाटतें. पण तें त्याचें मत होतें, आणि तें मनाशीं धरून तो त्या कंपनींत राहिला. डॉस पॅसॉसची करुणा त्याला हा मतस्वातंत्र्याचा मान देत नाहीं.

१९२१ सालीं आइन्स्टाइन न्यू जर्सींतील बिनतारी केंद्र पाहण्यास गेला तेव्हां काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मूळ चित्रांत पुष्कळ मंडळी उभी आहेत. पुढें प्रसृत झालेल्या प्रतींत बाकीचे सारे पुसून फक्त आइन्स्टाइन व स्टाइनमेट्झ ठेवले आहेत. चरित्रांतही नेमकें हेंच झालें. रोनाल्ड क्लाइन याचें १९९२ चें ‘स्टाइनमेट्झ: इंजिनिअर अँड सोशलिस्ट’ हें पुस्तक पुसलेल्यांपैकीं पुष्कळांना परत आणतें, आणि ‘स्केनेक्टडीचा जादूगार’ ही मूर्ति घडविण्यांत प्रसिद्धिखात्याचा किती हात होता तें दाखवितें. अभ्यासू वाचकानें वाचावें तें हेंच पुस्तक. तथापि इंजिनिअर आणि समाजवादी या दोन शब्दांबरोबर तिसरा एक शब्द आम्हांस त्या मथळ्यांत हवासा वाटतो: नोकर.

कारण त्याच्या नोकरीचा तपशील पाहण्यासारखा आहे. पहिली नोकरी दिली ती याँकर्सच्या रुडॉल्फ आयकमायर या कारखानदारानें, जो स्वतः जर्मनींतून परागंदा होऊन आलेला होता. १८९३ त जनरल इलेक्ट्रिकनें तो कारखाना घेतला, त्याबरोबर स्टाइनमेट्झही गेला. कंपनीनें त्याच्याकडे हिशेबाचें खातें सोंपविलें, म्हणजे जें काम तो उत्तम करी तेंच त्याचें पद झालें. १९०० सालीं कंपनीची संशोधनशाळा सुरू झाली ती त्याच्या घरामागच्या कोठारांत. उन्हाळ्यांत मोहॉक नदीकांठच्या झोंपडींत राहून, होडींत गुडघ्यांवर बसून, आडव्या फळीवर कागद पसरून तो गणितें करी. खुर्चींत बसण्याहून त्याला तें सोयीचें असावें असें छायाचित्रें पाहतां वाटतें. आणि घरीं? सहाय्यक जोसेफ हेडन याला त्यानें दत्तक घेतलें, आणि हेडन, त्याची पत्नी व मुलें त्याच घरांत राहिलीं. चरित्रकार हा प्रसंग हळव्या स्वरांत रंगवितात, पण सौ. हेडन यांनीं वर्षानुवर्षें जें घर चालविलें त्यावर त्या नोकरीचा किती भार होता, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

येथें एक कटु प्रश्न टाळतां येत नाहीं. या सवलती व्यंगासाठीं म्हणून नव्हत्या. माणूस अमोल होता म्हणून त्याच्या कलानें घेतलें गेलें. बंदरावरच्या अधिकाऱ्यानें त्याची किंमत शून्य धरली, कंपनीनें अपार धरली. तराजू मात्र एकच. त्याच कचेरींत वांकड्या पाठीचा एखादा सामान्य कारकून असता तर त्याला होडी कोणी दिली असती? आपल्या देशांत २०१६ च्या कायद्यानें सरकारी आस्थापनांवर अपंग कर्मचाऱ्यास रास्त सोयी पुरविण्याचें बंधन घातलें आहे, आणि त्यांत तो अलौकिक बुद्धीचा असावा अशी अट नाहीं. ज्यांना हा कायदा राबवावयाचा आहे त्यांच्या हातीं स्टाइनमेट्झची कथा नेहमींच्या थाटांत पडली, तर ते त्यांतून उलटाच धडा घेतील, ही आमची भीति आहे.

फोर्डच्या कारखान्यांत यंत्रावर खडूची एक रेघ ओढून त्यानें दहा हजार डॉलरचें बिल पाठविलें, ही गोष्ट आपल्याकडेही मोठ्या चवीनें सांगतात. तिला विश्वसनीय आधार दिसत नाहीं. फोर्डनें केलेली खरी गोष्ट निराळी आहे. ती नदीकांठची झोंपडी त्यानें मुळांतून उचलून डिअरबॉर्नच्या आपल्या संग्रहालयांत नेऊन ठेवली, आणि प्रवासी तेथें ती पाहतात. हेडन कुटुंबानें ज्या घरांत त्याचा संसार सांभाळला, आणि जेथें २६ ऑक्टोबर १९२३ रोजीं त्यानें प्राण सोडला, तें घर मात्र पाडलें गेलें.