राऊळांचे वेड आणि देहाची मापे

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला गेलो की मला गोविंदप्रभूंच्या वेडाचा प्रश्न पुन्हा पडतो. तेराव्या शतकातले हे गुंडम राऊळ, चक्रधरांचे गुरू. महानुभाव त्यांना ईश्वरावतार मानतात. तरीही म्हाइंभटांनी संकलित केलेले त्यांचे चरित्र, गावकरी त्यांना वेडे-पिसे म्हणत, हे लपवत नाही. पोरांत खेळणे, कुणाच्याही घरात शिरून जेवणे, अंत्यजांच्या वस्तीत जाणे, मध्येच हसणे, मध्येच रागावणे, हे सारे तिथे लीळा म्हणून येते.

हे वाचून आजचा माणूस निदान करायला बसतो. मीही बसलो होतो. चरकाच्या उन्माद-प्रकरणात वाताच्या उन्मादात अवेळी हसणे, नाचणे, गाणे आणि त्याचबरोबर देह कृश होणे सांगितले आहे. पित्ताच्या उन्मादात राग, असहिष्णुता. कफाच्या उन्मादात मौन आणि एकांताची आवड. राऊळांना या चौकटीत बसवू गेलो तर हसणे वातात जाते, राग पित्तात, आणि शेवटी सन्निपात म्हणून सुटका करून घ्यावी लागते. आगंतुक उन्मादाचा पाचवा कप्पा आहेच. त्यात देवाने पछाडलेल्याची वाणी, बळ, ज्ञान मानवापलीकडचे. पण चरक पुढे बजावतो की देव-गंधर्व कुणाला उगीच पीडत नाहीत, मूळ प्रज्ञापराधात आहे. भक्ताला हे मानवणार नाही.

युरोपात 1921 साली अर्न्स्ट क्रेट्श्मर या जर्मन मनोवैद्याने देहयष्टी आणि स्वभाव यांवर पुस्तक लिहिले. सडपातळ देहाला स्किझोफ्रेनिया, गुबगुबीत देहाला उन्माद-अवसादाचा आजार, असा त्याचा जोड. त्यातली फट वयाची आहे. स्किझोफ्रेनिया बहुधा तरुणपणी सुरू होतो, दुसऱ्या आजाराचे रुग्ण वयाने मोठे असत, आणि वयाबरोबर माणूस सुटतोच. वय जुळवून पाहिले की नाते पुष्कळ सैल होते.

मला हा प्रश्न नुसता पोथीतला नाही. माझा आतेभाऊ काडीसारखा. रात्र रात्र जागे, एकटाच बोले. घरातली म्हातारी माणसे म्हणाली, वाताची प्रकृती आहे, चंचल असायचाच. डॉक्टरकडे न्यायला चार वर्षे गेली. प्रकृतिविचार खोटा होता असे मी म्हणत नाही. पण त्या एका शब्दाने सगळ्यांना पाहायचे थांबवले.

म्हणून राऊळांबद्दल मी सावध आहे. त्यांच्या चरित्राचा भर देहाच्या ठेवणीवर नाही, वागण्यावर आहे. आणि ते वागणेही भक्तांच्या आठवणींतून गाळून आलेले. अॅन फेल्डहाउस यांचा इंग्रजी अनुवाद 1984 साली आला, त्यामुळे हे वेड जगभरच्या अभ्यासकांपुढे गेले. निदानाला लागणारी सामग्री मात्र त्यातही नाही. राऊळ स्वतः व्यथित होते का, हे आपण कुणाला विचारणार?

सामग्री आहे ती भोवतालच्या माणसांची. चक्रधर गेल्यावर नागदेव आणि इतर मंडळी रिद्धपुरात याच माणसाजवळ येऊन राहिली, त्यांची सेवा करत. गावाचा तर अजब प्रकार: ज्याला पिसा म्हणायचे, त्यालाच माय-बापही म्हणायचे. एकदा राऊळांना लग्नाची हौस आली. कुणी समजूत घातली नाही, वैद्यही बोलावला नाही. वराची तयारी झाली आणि महदाइसा रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे रचून गाऊ लागली.