‘रणांगण’मधील पत्रे : एक टिपण

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. नाझी राजवटीतून परागंदा झालेले ज्यू आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस एका बोटीवर येतात. हॅर्टा व चक्रधर यांचे प्रेम जमते. मुंबईस तो उतरतो, तिला पुढे जावे लागते. एवढ्यावरून हिला प्रेमकथा म्हणण्याचा प्रघात आहे. तो अगदीच चूक नव्हे. परंतु हॅर्टा आधी निर्वासित आहे आणि मग नायिका, हा क्रम त्यामुळे उलटा होतो.

निर्वासितांच्या वाङ्मयात घराची आठवण बहुधा एखाद्या वस्तूला बिलगून येते : किल्ली, भांडे, छायाचित्र. हॅर्टाच्या काळाने वस्तूच हिरावून घेतल्या होत्या. जर्मनी सोडणाऱ्या ज्यूला दहा मार्कांहून अधिक रोकड नेता येत नसे. फेब्रुवारी १९३९ च्या हुकुमाने सोने, चांदी, जडजवाहीर सरकारच्या हवाली करावे लागले, लग्नाची अंगठी यातून वगळली होती. शब्बाथचे चांदीचे दीपदान सरकारी तराजूत पडल्यावर त्याच्या भोवतीचे घर ठेवावयाचे कोठे? माणसाच्या ठायी, एवढेच उत्तर उरते. हॅर्टाची ओढ इतकी उतावीळ का, याची संगती मला तरी येथेच लागते.

शेवटच्या पत्रांचे महत्त्वही यातूनच कळते. बोटीवरून तिने लिहिलेली पत्रे चक्रधरच्या हाती राहतात. तिने मात्र समुद्रात जीव दिलेला असतो. म्हणजे स्मृतीची वस्तू उरते ती घर गमावलेलीपाशी नव्हे, तर ज्याला परतावयास देश होता त्याच्यापाशी. निवेदनही त्याचेच. हे कादंबरीचे सामर्थ्य की मर्यादा? दोन्ही, असे मला वाटते. पण मर्यादेची चर्चा आपण फारशी केलेली नाही.

ती मर्यादा नीट दिसावी म्हणून कल्पितातून इतिहासाकडे, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याकडे पाहावे. तेथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी बायका व मुले, राहिले. (ते गेल्यावर तेथेच सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले.) छावणीत वाढलेल्या पोलिश मुलांनी उतारवयात आपल्या आठवणी व कागदपत्रे स्वतःच संकलित केली. आपले घर पोलंडमधले की वळिवड्याचे, हे ज्याचे त्याला सांगता आले. हॅर्टाला ती मुभा नाही. तिची पत्रे उघडणारा अखेर चक्रधरच.