बारा दासी आणि एक शब्द

ग्रीक वा लॅटिन न शिकता त्या प्राचीन संस्कृतींचा अभ्यास करू पाहणाऱ्यास इंग्रजी अनुवादावाचून गत्यंतर नसते. आमचाही प्रवेश त्याच दाराने झाला. ई. व्ही. रियू यांच्या गद्य ‘ओडिसी’ने १९४६ साली पेंग्विन क्लासिक्स ही ग्रंथमाला सुरू झाली आणि होमर सामान्य वाचकाच्या घरी आला. हे ऋण मोठे आहे. तथापि अनुवाद वाचताना आपण मूळ ग्रंथच वाचीत आहोत, असा जो भास होतो, त्याविषयी सावध राहिले पाहिजे.

‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गाचेच उदाहरण घेऊ. पेनेलपीच्या मागे लागलेल्या वरेच्छूंचा संहार झाल्यावर, त्यांच्याशी संग केलेल्या बारा स्त्रियांना टेलेमाकस फासावर देतो. अनेक इंग्रजी अनुवादकांनी त्यांना ‘मेड’ म्हटले आहे. मोलकरीण म्हटली की वेतन आले, काम सोडण्याची मुभा आली. मग त्यांचे वर्तन सहजच विश्वासघात ठरते. मूळ शब्दाचा अर्थ मात्र गुलाम स्त्री असा आहे. त्या बाराजणी कोण हे सांगणारी वृद्ध दाई युरिक्लिया, तीही वीस बैलांच्या मोलाने विकत घेतलेली! रॉबर्ट फेगल्स यांच्या १९९६ च्या ओघवत्या अनुवादात टेलेमाकस या स्त्रियांना वेश्या म्हणतो; मूळ वाक्यात तसे नामच नाही. एमिली विल्सन यांनी २०१७ च्या अनुवादात गुलामांना गुलाम म्हटले, आणि नकाराचा हक्क नसलेल्यांना झालेली ती शिक्षा अंगावर आली. अर्थात, होमरची पुनःपुन्हा येणारी ठरीव विशेषणे त्यांनीही जागोजागी बदलली आहेत. निर्दोष अनुवाद कोणताच नाही.

आपल्या परिचयाच्या ग्रंथातही हेच आढळते. संत पौल फिलेमोनाला अनेसिमाविषयी लिहितो, तेव्हा रोमन कायद्याने गुलाम ही धन्याची मालमत्ता होती. १५८२ च्या ऱ्हीम्स येथील कॅथलिक नव्या करारात मात्र तेथे ‘सर्व्हंट’ आहे. ‘चाकर नव्हे, बंधू’ हा सौजन्याचा उपदेश वाटतो. ‘गुलाम नव्हे, बंधू’ म्हटले की धन्याच्या पायाखालची जमीन हादरते.

म्हणून अभ्यासकाने निदान दोन अनुवाद शेजारी ठेवावेत, आणि दुर्बलांसाठी योजलेले शब्द आधी ताडून पाहावेत. अनुवादकाचा काळ तेथेच बोलतो, आणि मुक्यांवरचा अन्यायही तेथेच झाकला जातो.