'कारणे' नावाचा रकाना

निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, निविदा आणि जाहीर नोटिशींच्या शेजारी, बारीक टायपातला एक तक्ता छापून येतो. उमेदवाराचं नाव, मतदारसंघ, त्याच्यावरच्या प्रलंबित गुन्ह्यांचं स्वरूप, न्यायालय, आरोपनिश्चिती झाली की नाही. आणि शेवटी एक रकाना : याच उमेदवाराची निवड का केली आणि गुन्हे दाखल नसलेली दुसरी व्यक्ती का निवडता आली नाही, याची कारणं. निवडणूक आयोगाच्या भाषेत हा 'नमुना सी-७'. गेल्या विधानसभा निवडणुकीत मी हे तक्ते नेमाने वाचायला लागलो. हा लेख म्हणजे त्या शेवटच्या रकान्याची समीक्षा आहे.

समीक्षा करावी असं त्यात काय आहे? तर आपल्या लोकशाहीत एखाद्या पक्षाला 'हाच माणूस का?' या प्रश्नाचं लेखी, जाहीर उत्तर द्यावं लागणारी मला माहीत असलेली ही एकमेव जागा आहे. भाषणं असतात, मुलाखती असतात, पण तिथे उत्तर टाळता येतं. इथे टाळता येत नाही. निदान तशी अपेक्षा होती.

१३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश दिला. उमेदवारावर गुन्हे प्रलंबित असतील तर त्यांचा तपशील आणि निवडीची कारणं पक्षाने आपल्या संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांत द्यायची. त्यात एक अट फार महत्त्वाची होती : कारणं उमेदवाराची पात्रता, कामगिरी आणि गुणवत्ता यांच्याशी संबंधित हवीत, तो निवडून येऊ शकतो, एवढं कारण चालणार नाही. आपल्याकडचे पत्रकार आणि पुढारी ज्याला 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात, नेमकं तेच न्यायालयाने बाद केलं. 'मेरिट' या शब्दाला चिकटलेलं 'इलेक्टिव्ह' हे विशेषण काढून टाका आणि उरलेलं सांगा, असा तो आदेश होता.

उरलेलं काय सांगितलं गेलं? रकाने वाचत गेलं की तीन-चार सूत्रं पुन्हा पुन्हा भेटतात. उमेदवार लोकप्रिय आहे. त्याचं सामाजिक कार्य मोठं आहे. त्याच्यावरचे गुन्हे राजकीय आकसातून दाखल झाले आहेत. इतर इच्छुकांपेक्षा तो अधिक योग्य वाटला. एकाच पक्षाच्या चार उमेदवारांचे तक्ते शेजारी ठेवले तर कुणाचा रकाना कुणाचा, हे नावं झाकल्यावर ओळखता येत नाही. 'सामाजिक कार्य' म्हणजे दवाखाना काढला की दहीहंडी लावली, हे कळत नाही. 'लोकप्रिय' हा शब्द तर 'निवडून येईल' याचाच सोवळं नेसलेला अवतार. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला, म्हणजे गुन्हे नसलेला माणूस का मिळाला नाही याला, बहुतेक ठिकाणी उत्तरच नसतं. कारण त्याचं उत्तर लिहायचं तर त्या दुसऱ्या माणसाचं अस्तित्व मान्य करावं लागेल.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे हा दोष मला ओळखीचा वाटतो. फॉर्ममध्ये एखादा रकाना सक्तीचा केला की आज्ञावली फक्त एवढंच तपासते की तो रिकामा नाही ना. लोक मग त्यात टिंब टाकतात, 'लागू नाही' लिहितात, किंवा मागच्या अर्जातलं वाक्य चिकटवतात. रकाना भरलेला असणं आणि प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असणं यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो कुणीतरी वाचल्यावरच कळतो. इथे वाचतं कोण? या आदेशानंतरची पहिली विधानसभा निवडणूक २०२० ची बिहारची. तिथे आदेश नीट पाळला नाही म्हणून १० ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने अनेक पक्षांना अवमानाबद्दल दंड केला. बहुतेकांना एक लाख, तर माकप आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांना पाच लाख रुपये. प्रचाराचा खर्च पाहता ही रक्कम मंडपवाल्याच्या बिलात सहज सामावून जाईल.

पण पक्षांच्या आळशी गद्यावर टीका करून थांबणं सोपं आहे. खरा दोष नमुन्याच्या रचनेतच आहे. लायकीचं स्पष्टीकरण फक्त त्याच्याबद्दल मागितलं जातं, ज्याच्यावर गुन्हा आहे. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, त्याला का निवडलं हे कुणीही कुणालाही सांगायचं नसतं. तो कुणाचा मुलगा असेल, कुणाची सून असेल, परवाच दुसऱ्या पक्षातून आलेला असेल. त्याचा रकानाच नाही. शिवाय प्रलंबित गुन्हा म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, आणि आंदोलनं करणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर जमावबंदी मोडल्याचे दोन-तीन गुन्हे असणं ही आपल्याकडे सामान्य गोष्ट आहे. म्हणजे पक्षासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाबद्दल पक्षाला खुलासा करावा लागतो आणि पक्षासाठी काहीही न केलेल्याबद्दल मात्र करावा लागत नाही.

मग निष्ठेची कागदपत्रं कोणती? पहिला 'एबी फॉर्म'. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचावा म्हणून ज्याच्यासाठी गाड्या धावतात, तो. 'ए'मध्ये उमेदवार ठरवण्याचा अधिकार पक्षात कुणाला आहे त्याचं नाव आणि सहीचा नमुना. 'बी'मध्ये उमेदवाराचं नाव, पर्यायी उमेदवाराचं नाव आणि ते पक्षाच्या सदस्ययादीत असल्याचा दाखला. यादीत आहे, एवढंच. केव्हापासून आहे हा प्रश्न नाही. सकाळी उपरणं गळ्यात पडलेला माणूस दुपारी हा दाखला मिळवू शकतो, आणि मिळवतोही.

दुसरं कागदपत्र म्हणजे १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने आलेलं दहावं परिशिष्ट, आपला पक्षांतरबंदी कायदा. एबी फॉर्मच्या आधी निष्ठा विचारली जात नाही. निवडून आल्यावर मात्र ती कायद्याने बंधनकारक होते. व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. पण ही निष्ठाही मोजली जाते ती डोक्यांवर. एकटा गेला तर तो अपात्र. दोन तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षातलं विलीनीकरण मान्य केलं तर संरक्षण. आधी एक तृतीयांशांच्या फुटीलाही संरक्षण होतं, ते २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने काढलं. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा दोन्ही बाजू निष्ठेच्याच भाषेत बोलत होत्या. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला आणि दोन्ही गटांपैकी एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. पक्ष फुटला, पण सोडला कुणीच नाही, असं कागदोपत्री ठरलं.

आपल्या कलाकृतींनी यातली निष्ठेची बाजू बऱ्यापैकी पाहिली आहे. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) खुर्चीभोवतीची बेरीज-वजाबाकी आहे, तर अवधूत गुप्तेंच्या 'झेंडा'मध्ये (२०१०) पक्ष दुभंगल्यावर मधल्या मधे भरडला जाणारा तरुण कार्यकर्ता. दोन्हींचं मोल मला मान्य आहे. पण निष्ठावंतावर अन्याय झाला की आपण हळहळतो, आणि त्या हळहळीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो : तो निष्ठावंत त्या पदाला लायक होता का?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझ्या मामाने तालुक्याच्या गावात एका पक्षाचं काम बावीस वर्षं केलं. सतरंज्या उचलण्यापासून बूथ सांभाळण्यापर्यंत सगळं. त्याच्या नावावरचा एकमेव गुन्हा रास्ता रोकोचा, तोही पक्षाच्याच आंदोलनातला. २०१६ साली नगरपरिषदेसाठी त्याने तिकीट मागितलं. इच्छुकांच्या मुलाखतीला त्याला जेमतेम चार मिनिटं मिळाली. प्रभागात आपल्या समाजाची मतं किती आणि खर्च किती करू शकाल, हे दोनच प्रश्न. तिकीट मिळालं अकरा दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या एका ठेकेदाराला. मामाने बंडखोरी केली नाही. "साहेबांनी ठरवलंय, आता कामाला लागायचं," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठेकेदाराच्या चिठ्ठ्या वाटायला गेला. मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मला त्या पक्षाचा भयंकर राग आला होता.

तेव्हा सी-७ अस्तित्वात नव्हता. पण गेल्या वर्षी ते तक्ते वाचताना मी एक प्रयोग करून पाहिला. मामाला तिकीट मिळालं असतं तर त्याचा शेवटचा रकाना मी कसा भरला असता? मी लिहिलं : प्रामाणिक, निष्ठावंत, बावीस वर्षांचा कार्यकर्ता. वाचून पाहिलं आणि ओशाळलो. मी ज्यांची टर उडवत होतो त्यांच्यासारखंच ते वाक्य होतं. नगरसेवकाला अंदाजपत्रक वाचावं लागतं, सर्वसाधारण सभेत आपल्याच पक्षाच्या नगराध्यक्षाला अडचणीचा प्रश्न विचारावा लागतो. साहेबांपुढे कधीही मान वर न केलेला माझा मामा तो विचारू शकला असता का? मला खात्री नाही.

मग एक गोष्ट आठवली. गावात पाणी एक दिवसाआड यायचं. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी फिरतो, कुठली लाइन जुनी आहे, टाकी भरूनही वरच्या आळीला पाणी का चढत नाही, हे मामाला पाठ होतं. पाणीपुरवठ्याचा माणूस रजेवर असला की लोक मामाला फोन करायचे. रकान्यात लिहिण्याजोगं हेच होतं.

मागच्या दिवाळीत मी त्याला विचारलं, मुलाखतीत हे सांगितलं होतंस का? तो म्हणाला, "पाण्याचं? ते कशाला सांगायचं? मी त्यांना किती मोर्चे काढले ते सांगितलं."